आठशेतला घरगुती ब्लूटूथ: आठ महिन्यांनंतर

बाबांची २००४ ची मारुती ८००. तिच्यातला कॅसेट प्लेअर आधी कॅसेटी खायचा, मग बंदच पडला. नवा स्टीरिओ आणता आला असता, पण हात शिवशिवत होते. फेब्रुवारीत पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी चक्कर मारली आणि टीडीए ७२९७ चा ॲम्प्लिफायर बोर्ड, मोबाइलवरची गाणी बिनतारी घेणारं ब्लूटूथ मॉड्यूल आणि १२ चे ५ व्होल्ट करणारा एलएम २५९६ घेऊन आलो. स्पीकर जुनेच, चार इंची.

पहिल्याच दिवशी गाणं लागलं. त्यासोबत एक शिट्टीही लागली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. इंजिन बंद केलं की गप्प. म्हणजे दोष अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), असं समजून मी दोन रविवार कपॅसिटर लावत बसलो. काडीचा फरक नाही. खरी गोम अर्थिंगमध्ये होती: मॉड्यूलला अर्थ, म्हणजे निगेटिव्ह जोडणी, दोन वाटांनी मिळत होती, एक सप्लायमधून आणि दुसरी ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या ऑडिओ वायरच्या जाळीतून. त्या वेढ्यातून गाडीतला विजेचा गोंगाट गाण्यात शिरत होता. शेवटी मॉड्यूलच्या आधी बी ०५०५ एस लावला. पाच व्होल्ट आत, पाचच बाहेर, पण मधला विजेचा संबंध तुटलेला. नखाएवढा तुकडा! शिट्टी त्या क्षणी गेली, ती आजतागायत आली नाही. तुम्ही असं काही करणार असाल तर हा तुकडा पहिल्याच फेरीत घ्या.

दुसरी गोष्ट, हा ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा आहे, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, एकही अर्थ नसते. स्पीकरची कुठलीच वायर बॉडीला लागता कामा नये. आमच्या मागच्या स्पीकरची निगेटिव्ह कुणीतरी सरळ पत्र्याला स्क्रूने आवळली होती. मल्टिमीटर लावून बघितलं म्हणून वाचलो.

मे महिन्यात उन्हात गाडी उभी होती आणि ग्लू गनने चिकटवलेला बोर्ड डॅशबोर्डमागे सुटून लोंबकळायला लागला. आता नट-बोल्ट. बोर्डचं रेटिंग आठ ओहमच्या स्पीकरचं आहे, माझे चार ओहमचे, त्यामुळे तो तापतोच. मोठा हीटसिंक लावलाय आणि आवाज दोन तृतीयांशाच्या पुढे नेत नाही.

गणपतीला पंधरा दिवस कोकणात होतो. परत आलो तर गाडी ढिम्म. चूक माझीच. स्टीरिओच्या जुन्या कनेक्टरमधली पिवळी वायर कायम चालू असते, तांबडी किल्ली फिरवल्यावर. मी आळसाने पिवळीवर जोडलं होतं. गाणं बंद असतानाही साधारण ८० मिलिॲम्पिअर जात होते, म्हणजे दिवसाला जवळपास दोन अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ ची. शेजारच्या काकांनी धक्का मारला आणि फुकटचा सल्लाही दिला. त्याच संध्याकाळी तांबडीवर घेतलं, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज.

आवाज? जुन्या गाण्यांना झकास. बेस विचारू नका, चार इंचात काय येणार. माइक नाही, फोन आला की मोबाइल कानालाच. एकूण खर्च हजाराच्या आत, माझे रविवार सोडून.

एक खोड मात्र अजून आहे. किल्ली फिरवली की मॉड्यूलमधली बाई इंग्रजीत ‘ब्लूटूथ मोड’ असं खणखणीत ओरडते. आवाज आधी बारीक करून ठेवला तरच ती हळू बोलते. बाबा ते रोज विसरतात, रोज दचकतात आणि रोज मागच्या सीटकडे वळून बघतात.