सिव्ह ५ घेऊ का सिव्ह ६? चढाई आणि राजकारणाच्या हिशोबानं

सिव्ह म्हणजे सिव्हिलायझेशन, राज्य उभारून जग जिंकायचा कॉम्प्युटर गेम. सेल लागला की आमच्या साताऱ्याच्या ग्रुपवर हा प्रश्न ठरलेला, त्यामुळं एकदाच सगळं लिहून टाकतो. ग्राफिक्स, म्युझिक सोडून देतो, ते यूट्यूबवर दोन मिनटात कळतं. ५ म्हणजे ब्रेव्ह न्यू वर्ल्डसकट आणि ६ म्हणजे राइज अँड फॉल आणि गॅदरिंग स्टॉर्म या दोन्ही एक्सपान्शनसकट (नंतर आलेल्या जोडण्या) धरतोय. नुसता बेस गेम घेऊन "काय दम नाय राव" म्हणणारे लय बघितलेत.

जिंकायची अट दोन्हीकडं तीच, सगळ्यांच्या मूळ राजधान्या ताब्यात पाहिजेत. नकाशावरच्या एका घरात एकच लढाऊ युनिट (सैन्याची तुकडी) हेही दोन्हीकडं सारखं. पण ५ मध्ये सैन्य पटापट सरकतं, ६ मध्ये टेकडी किंवा जंगलात शिरायला तेवढी चाल आधी शिल्लक लागते, नसली तर टर्न (आपली पाळी) संपेपर्यंत पायथ्याला उभं राहा.

वेढा घालताना खरा फरक कळतो. ५ मध्ये चार-पाच धनुर्धारी लांबून शहर झोडपतात, शेवटी एक तलवारवाला आत घुसवला की काम झालं. ६ मध्ये तटबंदीला वेगळी ताकद असते, नुसत्या तलवारी आपटून तिला जेमतेम ओरखडा उठतो, बॅटरिंग रॅम (तट फोडायचा ओंडका) नायतर कॅटापल्ट (दगड फेकायचं यंत्र) लागतोच, आणि सगळ्या बाजूनी नाकाबंदी केली तरच शहराची मलमपट्टी थांबते. एक बाजू मोकळी सोडली की दर टर्नला ते परत भरून निघतं आणि तू आपला तिथंच.

बरं, शहर घेतलं. पुढं काय? ५ विचारतो पपेट करू (शहर तुझं, कारभार त्याचा तो), सामील करू का जाळू (मूळ राजधानी जाळता येत नाही). काहीही केलं तरी हॅपिनेस (प्रजेची खुशी) खाली येतो आणि तो सगळ्या राज्याचा मिळून एकच आकडा असतो. उणेत गेला की सैन्य ढिलं लढायला लागतं, उणे २० ला पोचला तर बंडखोर उगवतात. म्हणजे लांबची दोन शहरं घेतली म्हणून तुझी घरची प्रजाही कावते, हे मला कधी पटलं नाही. ६ मध्ये हे ज्या त्या शहरापुरतं आहे, त्याला लॉयल्टी (निष्ठा) म्हणतात. नऊ घरांच्या आतली शत्रूची मोठी शहरं तुझ्या नव्या शहराला सारखी आपल्याकडं ओढत राहतात, तिथं गव्हर्नर बसवला नाही तर काही टर्नात शहर हातातून जातं.

आणि हेच मला खरं वाटतं, कारण आपला अजिंक्यताराच बघा ना. औरंगजेब स्वतः येऊन डिसेंबर १६९९ पासून वेढा घालून बसला, सुरुंगाचा बार उलटून त्याचीच माणसं गाडली गेली, शेवटी एप्रिल १७०० मध्ये किल्ला घेतला आणि नाव ठेवलं आझमतारा. टिकला किती? थोड्याच वर्षांत परत मराठ्यांकडं. आजूबाजूचा मुलूख आपला नसेल तर किल्ला घेऊन काय फायदा, हे ५ ला कळत नाही, ६ ला बरोबर कळतं. म्हणून ६ मध्ये एकच शहर तोडून घेऊ नको, शेजारची दोन-तीन लागोपाठ घे, म्हणजे ओढणारंच कोणी उरत नाही.

आता राजकारण. इथं मात्र मी ५ च्या बाजूनं. त्यात सिटी-स्टेटला (एकाच शहराचं छोटं स्वतंत्र राज्य) गोल्ड दिलं की ती तुझी, आणि वर्ल्ड काँग्रेसमध्ये (सगळ्या देशांची सभा) तिची मतं तुझ्या खिशात. साखर कारखान्याच्या इलेक्शनला मतदार सांभाळतात तसला प्रकार आहे पूर्ण. दुसऱ्या राजधानीत डिप्लोमॅट बसवून मताचा सौदाही करता येतो, कुणावर व्यापारबंदी लादता येते, वर शेवटी शेवटी फ्रीडम, ऑर्डर, ऑटोक्रसी या विचारसरणींवरून जगात सरळ तट पडतात. ६ ची काँग्रेस त्यापुढं फिकी आहे, विषय गेमच ठरवतो, आपण फक्त फेव्हर (साठवलेलं राजकीय वजन) खर्चून मत टाकायचं. पण युद्धाचं निमित्त ६ मध्ये भारी केलंय. आधी निषेध कर, पाच टर्न थांब, मग फॉर्मल वॉर, त्यात तुझ्या नावावर १०० ग्रीव्हन्स (समोरच्याच्या तक्रारींचे आकडे) चढतात, न सांगता घुसलास तर १५०. समोरच्यानं आधी आगळीक केली असेल तर ते त्यातनं वजा होतं. ५ मध्ये असा हिशोब नाही, दोन शहरं घेतली की सगळं जग तुला युद्धखोर म्हणून मोकळं.

कॉम्प्युटरची अक्कल? दोन्हीकडं बेताचीच, वरच्या लेव्हलला नुसती फुकटची खैरात असते. ६ च्या डिटीला (सगळ्यात अवघड लेव्हल) तर तो तीन सेटलर (नवं शहर वसवणारे) घेऊनच सुरू करतो.

सिव्ह ७ (२०२५) चं पण विचारतात. त्यात युग बदललं की चालू युद्धच बंद होतं, चढाईवाल्यानं थांबावं. आणि "मराठे आहेत का" विचारणाऱ्यांनो, ५ मध्ये नाहीत, ६ मध्येही नाहीत. ६ मध्ये चंद्रगुप्त आहे, तो शेजाऱ्यावर चालून जायला चांगला. मराठेच पाहिजेत तर एम्पायर टोटल वॉर बघा, पण तो गेमच वेगळा.

तर लॅपटॉप जुना असेल आणि मतं फोडण्यात मजा येत असेल तर ५ घे. जिंकलेलं सांभाळायची खाज असेल तर ६, पण सगळ्या एक्सपान्शनचा बंडल सेलमध्ये आल्यावरच, आणि पहिला गेम चंद्रगुप्त, छोटा मॅप, प्रिन्स लेव्हल असा लाव, त्यात कुणालाच जादा काही मिळत नाही.