कंबरदुखीला व्हीआर हेडसेट घ्यावा की फिजिओकडे जावं?

दुखणं तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की ते जुनाट. अशा कंबरेसाठी हल्ली व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून बघायच्या आभासी जगाचं नाव निघतं आणि त्यामागे खरंच काही आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांना जखमा साफ करताना ‘स्नोवर्ल्ड’ हा बर्फाचे गोळे फेकायचा खेळ दिला. मन खेळात गुंतलं, वेदना कमी जाणवली. पण ती तेवढ्या वेळेपुरती. रोजच्या कंबरदुखीला अशी भूल किती पुरणार?

म्हणून नोव्हेंबर २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजूर केलेला ‘ईझव्हीआरएक्स’ हा व्हीआर अभ्यासक्रम वेगळा आहे. आठ आठवडे, ५६ छोटी सत्रं. त्यात श्वास, लक्ष वळवणं, दुखण्याची भीती घालवणं शिकवतात. चाचणीत ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. मात्र ज्यांना नुसता साधा द्विमितीय कार्यक्रम दाखवला, त्यांच्यातही ४१ टक्क्यांना तेवढाच आराम पडला! शिवाय तिकडे तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. पुण्यात दुकानातून आणलेल्या हेडसेटमध्ये खेळ असतील, तो अभ्यासक्रम नसेल.

फिजिओचं काम कंटाळवाणं, हे मान्य. तेच ब्रिज, तेच स्ट्रेचिंग. पण चांगला फिजिओ म्हणतो, ‘बादली कशी उचलता, दाखवा.’ तुम्ही गुडघे न वाकवता कमरेतून वाकता, हे त्याला तिथल्या तिथे दिसतं. हेडसेटला ते दिसत नाही. उलट अर्धा किलोचं ओझं कपाळावर, मान आधीच धरलेली असेल तर विचारायलाच नको. काहींना मळमळतं, आणि फिट येत असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

हेडसेटचा खरा फायदा वेगळाच: तो घरबसल्या वापरता येतो. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून, प्रत्येक स्पीडब्रेकरला कळ सोसत रिक्षाने क्लिनिक गाठायचं, म्हणजे व्यायामाने कमावलेलं परतीच्या वाटेवर घालवायचं. तरी त्यावर घरी येणारा फिजिओ हाच मला जास्त पटणारा तोडगा वाटतो.

पाय लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

एरवी पैसे आधी फिजिओवर घाला. व्यायाम सुरू आहे, पण हलायची भीती जात नाही किंवा रात्री डोक्यात दुखणंच घोळतं, अशांनी जोडीला व्हीआर बघावं. तेही लगेच विकत नको. पुतण्याने गेमसाठी घेतलेला हेडसेट आठवडाभर मागून आणा; तो अभ्यासक्रम त्यात नसला, तरी मन त्यात गुंततं का, ते कळेल.