हायब्रिडचे चौदा महिने: किमतीचा हिशेब लिटरमध्ये, आरामाचा गुडघ्यात

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेऊन चौदा महिने झाले. मीटरवर १८,४०० किलोमीटर पडलेत. पेट्रोल भरलं की पावतीवर किलोमीटर लिहून ठेवायची माझी जुनी सवय आहे, त्यामुळे खाली दिलेलं अ‍ॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं आहे. डॅशबोर्ड सरासरी २२.८ दाखवतो, पावत्यांची बेरीज २१.५ सांगते. मी पावत्या धरतो.

आधी किंमत, कारण तिथेच माझी पहिली चूक झाली होती. घ्यायच्या आधी मी हायब्रिडची तुलना माझ्या जुन्या गाडीशी करत होतो. ती लिटरला १३ द्यायची. त्या हिशेबानं जास्तीचे पैसे चार वर्षांत वसूल होताना दिसत होते आणि मन लगेच तयार झालं. पण जुनी गाडी तर जाणारच होती! खरी तुलना त्याच मॉडेलच्या साध्या पेट्रोल गाडीशी करायला हवी होती. ती एका मित्राकडे आहे, त्याचं जाणं-येणंही साधारण माझ्यासारखंच, आणि त्याला सरासरी १५ मिळतं. मग मी दोन्हींच्या किमतीतला फरक पैशांत न मांडता लिटरमध्ये मांडला. तो साधारण १,९०० लिटर पेट्रोलाएवढा निघाला. १५ आणि २१.५ या दोन आकड्यांत दर हजार किलोमीटरला वाचतात जेमतेम २० लिटर. म्हणजे फरक भरून यायला ९४,००० किलोमीटर, माझ्या वापरानं जवळजवळ सहा वर्षं. हे कळूनही मी हायब्रिडच घेतली. का, ते पुढे येईलच. पण चार आणि सहा वर्षांतला हा फरक सही करायच्या आधी समोर असायला हवा.

अ‍ॅव्हरेजच्या आकड्यांनी आणखी एक फसगत होते. १० वरून १५ वर गेलात तर हजार किलोमीटरमागे ३३ लिटर वाचतात. २० वरून ३० वर गेलात तर वाचतात १७. आकड्यातली वाढ दुप्पट, पाचऐवजी दहा, आणि बचत मात्र निम्मी. म्हणून दोन हायब्रिडमधून निवडताना लिटरला एक-दोन किलोमीटर जास्त मिळतात एवढ्यासाठी बसायला अवघड गाडी घेऊ नका. त्या एक-दोन किलोमीटरचे फार पैसे होत नाहीत.

आता रस्ते. माझं गर्दीतलं अ‍ॅव्हरेज २४ च्या आसपास येतं, मोकळ्या हायवेवर ८० ते ८५ च्या वेगानं २१-२२, आणि शंभरच्या वर सतत ठेवली की १८.५. पेट्रोल गाडीला गर्दीत सगळ्यात कमी मिळतं, हिला सगळ्यात जास्त. कारण साधं आहे. थांबत-निघत चालताना ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा मोटर परत बॅटरीत भरते, सिग्नलला इंजिन बंद असतं, आणि गाडी हलवण्याचं पहिलं कष्टाचं काम वीज करते. हायवेवर ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं काय? शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्याला मोटरही काही करू शकत नाही. तिथे उरतो तो इंजिनाचा गुण. बऱ्याच हायब्रिडमध्ये अ‍ॅटकिन्सन पद्धतीचं इंजिन असतं. जेम्स अ‍ॅटकिन्सन यांनी १८८२ मध्ये काढलेली ही कल्पना इंधन वाचवते पण खालच्या वेगात जोर कमी देते. ती उणीव मोटर भरून काढते, म्हणून ही जोडी जमते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आलेल्या टोयोटाच्या पहिल्या प्रियस हायब्रिडमध्येही हीच जोडी होती.

सगळ्यात वाईट आकडा मात्र हायवेचा नाही, दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. इंजिन आणि धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापेपर्यंत इंजिन चालूच राहतं, आणि तापेपर्यंत आपण पोचलेले असतो. ज्या आठवड्यात फक्त अशाच फेऱ्या झाल्या, त्या आठवड्यात १५ च्या वर काही गेलं नाही.

बॅटरी किती लहान असते याची कल्पना मला घाटात आली. माझ्या गाडीची बॅटरी साधारण एक युनिट विजेची आहे आणि ती कधी पूर्ण भरू किंवा पूर्ण रिकामी होऊ दिली जात नाही, म्हणजे वापरायला मिळतं त्याहूनही कमी. माणसांसकट दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते तेव्हा सव्वा युनिटाएवढी ऊर्जा मोकळी होते. त्यामुळे मोठ्या उतारावर मध्येच बॅटरी भरते आणि इंजिन एकदम मोठ्यानं घोंघावायला लागतं. पहिल्यांदा मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती. ते इंजिन पेट्रोल जाळत नसतं, गाडीला मागे ओढून धरत असतं. उतारावर गिअरचा ‘बी’, म्हणजे इंजिनानं गाडी धरून ठेवायचा टप्पा, वापरायचा, ब्रेक फार तापत नाहीत.

आराम. माझ्यासाठी निकाल इथे लागला. जुनी गाडी मॅन्युअल होती आणि रोजच्या दीड तासाच्या गर्दीत क्लच दाबून डावा गुडघा संध्याकाळी ठणकायचा. या गाडीत क्लच नाही, गिअर बदलल्याचा धक्का नाही. इंजिन आणि दोन मोटर एका ग्रहचक्री गिअरनं (मधल्या चाकाभोवती लहान दातेरी चाकं फिरतात असा गिअर) जोडलेल्या आहेत, आणि गाडी पाण्यावरच्या होडीसारखी सरकते. इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो कारण कॉम्प्रेसर विजेवर आहे. गर्दीत गाडीत जी शांतता असते ती मला फार मोलाची वाटते. घरी पोचल्यावर मी आता कुणावर चिडत नाही, हे बायकोनं दुसऱ्याच महिन्यात सांगितलं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. चढावर पाय दाबला की इंजिन एका सुरात ओरडतं आणि वेग मागाहून येतो. इंजिन गप्प असल्यामुळे खडबडीत रस्त्यावर टायरचा आवाज जास्त जाणवतो. ब्रेकचा शेवटचा टप्पा, मोटरकडून पॅडकडे जाताना, किंचित अडखळतो. महिनाभरात पायाला सवय होते. डिकी पेट्रोल गाडीपेक्षा लहान आहे. मागची सीट थोडी उंच आहे, आणि हे आईच्या पथ्यावर पडलं, तिला गुडघे फार न वाकवता बसता-उठता येतं. पण मांडीखाली आधार कमी आहे, दोन तासांनंतर ती पाय अवघडल्याचं सांगते. टेस्ट ड्राइव्हमध्ये आम्ही तिला दहा मिनिटं बसवलं होतं. तासभर बसवायला हवं होतं.

मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी आहे, तिथून बॅटरीच्या पंख्याला हवा जाते. तिच्यापुढे पिशव्या ठेवू नका, आणि सर्व्हिसिंगमध्ये आतला फिल्टर साफ करायला आठवणीनं सांगा. हे मला गाडी देताना कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तिकेत सापडलं.

एकदाच अडकलो. गाडी एकोणीस दिवस उभी होती, परत आल्यावर बटण दाबलं तर काहीच नाही. मोठी बॅटरी व्यवस्थित भरलेली होती! पण गाडीचे संगणक जागे करणं आणि मोठ्या बॅटरीचा स्विच जोडणं हे काम लहान १२ व्होल्टची बॅटरी करते, आणि तीच उतरली होती. बाहेरून वीज दिल्यावर क्षणात चालू झाली. आता गाडी उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा घरातलं कुणीतरी ती अर्धा तास ‘रेडी’, म्हणजे चालू, करून ठेवतं. मोठ्या बॅटरीची धास्ती मला वाटत नाही. माझ्या कागदावर तिची हमी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, म्हणजे पैसे वसूल होण्याच्या मुदतीच्या पलीकडे. तुमच्या कागदावर ती मुदत अलीकडे असेल तर मात्र थांबून विचार करा.

मागच्या महिन्यात ताईला गाडी घ्यायची होती आणि माझी चालवून ती हरखली होती. तिचा रोजचा रस्ता जवळजवळ सगळा हायवेचा, शंभरच्या वेगाचा. तिथे माझी गाडी १८.५ देते आणि मित्राची पेट्रोल गाडी १७. आम्ही दोघांनी बसून तोच लिटरचा हिशेब मांडला. किमतीतला फरक भरून यायला तिला चार लाख किलोमीटर लागत होते. तिनं पेट्रोल गाडीच घेतली, आणि वाचलेल्या पैशांतून वरचं मॉडेल, ज्याच्या सीटला कमरेचा आधार आहे.