नवीन पीसीवर विंडोज टाकताना क्रॅश : घरीच शोधायचं का दुकानात न्यायचं?

पार्ट आले, जोडून झाले, डिस्प्ले पण आला, आणि विंडोज टाकायला घेतली की मध्येच निळी स्क्रीन नाहीतर सरळ रीस्टार्ट. मग घरचे म्हणतात कोल्हापूरच्या राजारामपुरीत नेऊन दे एखाद्या दुकानात, आणि मित्र म्हणतो थांब रे, घरीच बघू. माझं मत आधीच सांगतो. जे तपासायला जादाचा पार्ट लागत नाही ते सगळं घरी करा, आणि जे दुसरा पार्ट लावून बघितल्याशिवाय कळूच शकत नाही त्यासाठी दुकान गाठा.

घरी तुमच्याकडे वेळ असतो, आणि या कामात वेळच लय लागतो. पहिल्यांदा एवढंच बघा की क्रॅश दरवेळी त्याच टक्क्यावर होतोय का वेगवेगळ्या. त्याच जागी अडकत असेल तर बहुतेक पेन ड्राइव्ह नाहीतर डाउनलोड केलेली फाइल खराब आहे, दुसरा ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं परत बनवा आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला न लावता मागं डायरेक्ट मदरबोर्डला लावा. कधी १२ टक्क्यावर, कधी ६० वर, कधी युजरचं नाव टाकताना असं होत असेल तर मात्र पेन ड्राइव्ह सोडा, रॅमकडं वळा.

रॅमवर जरा जास्त बोलतो कारण नव्या बिल्डमध्ये मला पहिला संशय तिच्यावरच येतो. डीडीआर५ म्हणजे आताच्या पिढीची रॅम, तिच्या बॉक्सवर ६००० स्पीड लिहिलेला असतोय पण ती रॅम आपोआप बहुतेक ४८०० लाच चालते, वरचा स्पीड बायोसमधली (बोर्डची स्वतःची सेटिंग स्क्रीन) एक्सएमपी नाहीतर एक्सपो ही सेटिंग चालू केल्यावर मिळतो आणि तो ओव्हरक्लॉकच असतो, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त पळवणं, प्रत्येक प्रोसेसर-बोर्डला तो झेपेलच असं नाही, चार स्टिक (रॅमच्या पट्ट्या) लावल्या तर अजूनच अवघड. म्हणून बायोसमध्ये डिफॉल्ट लोड करा, एक्सएमपी बंद, एकच स्टिक ठेवा, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, कट्ट आवाज येईपर्यंत दाबून. मग मेमटेस्ट८६ (पेन ड्राइव्हवरून चालणारं रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) लावा आणि रात्रभर सोडा. फ्री व्हर्जन चार पास करतं, म्हणजे सगळी रॅम चार वेळा तपासतं. एक जरी लाल ओळ आली तरी ती स्टिक नाहीतर तो स्लॉट संशयित, दुसऱ्या स्लॉटला लावून परत चालवलं की दोन्हीतलं कोण ते कळतंय. आणि एक, एएम५ (एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरच्या) बोर्डवर डीडीआर५ बदलली की पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, ते ट्रेनिंग चालू असतंय, म्हणजे बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेतोय, घाबरून पॉवर बटण दाबू नका.

अजून एक फुकटचा उपाय म्हणजे उबंटूचा (विंडोजसारखीच पण फुकटची लिनक्स सिस्टिम) पेन ड्राइव्ह बनवून इन्स्टॉल न करता तसाच चालवणं. एसएसडीला हात न लावता मशीन चालतं, आणि तिथंही अर्ध्या तासात लटकलं तर विंडोजला दोष देऊन उपयोग नाही, बहुतेक हार्डवेअरच आहे. बायोसमध्ये प्रोसेसरचं तापमान ८०-९० दिसलं तर कूलरखालचं प्लास्टिक काढलंय का ते बघा, प्रोसेसरची ८ पिनची केबल पूर्ण बसलीय का तेही.

आता दुकानाची बाजू. काउंटरवर तुमच्यासाठी रात्रभर मेमटेस्ट कोण चालवणार, मागं गिऱ्हाईक उभं असतंय. पण दुकानात जे आहे ते तुमच्या घरी नाही, दुसरा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), दुसरा बोर्ड, चालू असलेला प्रोसेसर. एक्सएमपी बंद, मेमटेस्ट साफ, तरी निळ्या स्क्रीनवर WHEA_UNCORRECTABLE_ERROR हा हार्डवेअरचा एरर परत परत येतोय, तर घरी कितीही डोकं खाजवलं तरी प्रोसेसर, बोर्ड का पॉवर सप्लाय हे सांगता येत नाही, अदलाबदलच करावी लागते. इंटेलचा १३व्या-१४व्या जनरेशनचा आय७, आय९ असेल, त्यातून सेकंडहँड घेतलेला, तर अजूनच लवकर जा. २०२४ मध्ये इंटेलनं स्वतः कबूल केलं की जास्त व्होल्टेजमुळं हे प्रोसेसर अस्थिर होतात, मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला, बॉक्समध्ये विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षं वाढवली. तो मायक्रोकोड पुढचं नुकसान थांबवतो, झालेलं नुकसान भरून काढत नाही.

बायोस अपडेट मात्र घर आणि दुकानाच्या मध्ये अडकतं. काम दहा मिनिटांचं, पण जुलैच्या पावसात आपल्याकडं लाईटचा भरवसा नसतो, आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड मरू शकतो. बोर्डला फ्लॅशबॅकचं बटण (बिघडलेला बायोस पेन ड्राइव्हवरून परत टाकायचं) असेल किंवा घरात चांगला यूपीएस असेल तर करा, नाहीतर तेवढं काम दुकानातच करून घ्या.

दुकानात दिलंच तर नुसतं 'विंडोज टाकून द्या' म्हणू नका. एक स्टिक काढली की विंडोज इन्स्टॉल होते पण फॉल्ट तिथंच राहतो, आणि दोन आठवड्यांनी गेम खेळताना परत निळी स्क्रीन. कुठला पार्ट बदलल्यावर क्रॅश थांबला हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. पार्ट ऑनलाइन घेतले असतील तर दुकानदार तपासणीचे पैसे घेणारच आणि ते रास्तच आहे, वॉरंटीचं मात्र तुम्हालाच बघावं लागतं, त्यामुळं सगळी बिलं, निळ्या स्क्रीनचा फोटो आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. क्लेम करताना तोंडी सांगण्यापेक्षा तो फोटो लय उपयोगी पडतो.

गडहिंग्लज, गारगोटीहून एसटीनं आणणार असाल तर ग्राफिक्स कार्ड आणि मोठा टॉवर कूलर काढून वेगळ्या बॉक्समध्ये घ्या, खड्ड्यांत कार्डाच्या वजनानं स्लॉट तुटतो आणि एका फॉल्टचे दोन होतात. काढायचं जमत नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवा, बोर्डची बाजू खाली.