रिओहाची रेड वाइन: क्रियान्सा घ्यावी की रेसेर्वा?

पाहुणे येणार म्हटलं की दुकानात हात आपोआप महागड्या बाटलीकडे जातो. रिओहाच्या बाबतीत तो थोडा आवरावा, कारण ताटात काय वाढणार आहात त्यावर निम्मा निकाल ठरतो.

रिओहा हा उत्तर स्पेनमधला भाग. तिथली लाल वाइन मुख्यतः तेम्प्रानियो द्राक्षांची, जोडीला थोडी गार्नाचा किंवा ग्रासियानो. क्रियान्सा म्हणजे शब्दशः संगोपन. ही वाइन किमान 2 वर्षं मुरते, त्यातलं निदान 1 वर्ष 225 लिटरच्या ओकच्या लाकडी पिंपात. रेसेर्वा 3 वर्षांची, पण गंमत अशी की पिंपातली सक्ती तिलाही 1 वर्षाचीच. म्हणजे रेसेर्वा घेतली की लाकूड जास्त मिळतं असं नाही. जास्त मिळते ती विश्रांती, आणि बहुधा निवडक द्राक्षं. ग्रान रेसेर्वाला 5 वर्षं लागतात, किमान 2 पिंपात आणि 2 बाटलीत. मागच्या बाजूची छोटी पट्टी बघितली तरी ओळख पटते: क्रियान्साला लाल, रेसेर्वाला गडद डाळिंबी, ग्रान रेसेर्वाला निळी.

चवीत फरक कसा? क्रियान्सात चेरी, आलुबुखार असं ताजं फळ अजून जागं असतं, मागे व्हॅनिला आणि अमेरिकन ओक वापरला असेल तर चक्क सुक्या खोबऱ्याचा वास. रेसेर्वात फळ सुकत जातं. अंजीर, चामडं, तंबाखू, लवंग पुढे येतात आणि तुरटपणा मऊ होतो. ग्रान रेसेर्वा तर हळू आवाजात बोलणारी. तिच्यासमोर कुणी आरडाओरडा करू नये.

तो मी केला आहे. जपून ठेवलेली ग्रान रेसेर्वा एकदा झणझणीत सुक्या मटणाबरोबर उघडली. दोन घास झाल्यावर वाइनमध्ये उरलं ते फक्त गरम अल्कोहोल आणि जिभेवरची आग. दोष मसाल्याचा नव्हता. लवंग, दालचिनी, मिरी यांचं ओकशी छान जमतं. बिनसतं ते मिरचीशी. म्हणून पांढरा रस्सा चालेल, तांबडा नाही. तिखट कमी केलेलं मटण, खिमा, कबाब यांना क्रियान्सा पुरेशी आहे, किंबहुना तीच बरी.

खुद्द रिओहात काय खातात? द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काटक्यांवर भाजलेल्या कोकराच्या बरगड्या, वर नुसतं मीठ. बटाटे आणि चोरिसो (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) यांचा रस्सा. रिओहाची राजधानी लोग्रोन्यो, तिथल्या काये लाउरेल या गल्लीत लसूण घालून तव्यावर परतलेले मशरूम पावाच्या तुकड्यावर मिळतात, त्याबरोबर ग्लासभर क्रियान्सा. शाकाहारी पाहुण्यांसाठी हेच मशरूम करा, किंवा मिरचीला आवर घालून वांग्याचं भरीत. भाजल्याचा धुरकट वास ओकला धरून असतो. रेसेर्वासाठी संथ शिजलेली मटणाची रान (अख्खी तंगडी) किंवा मुरलेलं मांचेगो चीज. मांसातली चरबी आणि प्रथिनं तुरटपणा ओढून घेतात, म्हणून हे जमतं. बांगडा मात्र तिन्हींपासून लांब ठेवा, तोंडात लोखंड चाटल्यासारखं होतं.

याच तेम्प्रानियो द्राक्षाची, पण दणकट वाइन हवी असेल तर स्पेनमधल्याच रिबेरा देल दुएरो भागातली बघा. उंच पठारावरची, काळसर, अंगाने भरलेली. तिकडे तिच्याबरोबर भट्टीत भाजलेलं दूधपितं कोकरू खातात. मिरचीशी तिचंही पटत नाही.

एक चूक सगळेच करतात: लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला. ती खोली युरोपातली हो! आपल्याकडे मे महिन्यात बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंशांवर ती नीट बोलते. ग्रान रेसेर्वा आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो. बूचही जपून काढा, जुनं असेल तर चुरा होतो.

आठ माणसं, चार प्रकारचे पदार्थ आणि कुणाला काय आवडेल ठाऊक नाही, तर क्रियान्साच्या दोन बाटल्या घ्या. चौघंच असाल आणि मटणाची रान सकाळपासून शिजत असेल, तर एक रेसेर्वा. उरलेली क्रियान्सा बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या रात्री ऑम्लेटबरोबरही संपते. जुनी ग्रान रेसेर्वा उरवू नका, सकाळपर्यंत तिच्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं.