कंटेनरमधील माणूस शोधणारे हृदयस्पंद-यंत्र : कोठे घ्यावे आणि कोठे घेऊ नये

बंद कंटेनरमध्ये लपलेल्या माणसाचा शोध घेण्यासाठी जी साधने वापरात आहेत, त्यांत हृदयाच्या ठोक्यांवरून माणूस ओळखणारे यंत्र मला सर्वांत भरवशाचे वाटते. मात्र कंटेनर ट्रेलरवर असेपर्यंतच हा भरवसा धरावा. कंटेनर यार्डात जमिनीवर उतरवला किंवा थप्पीत रचला गेला की यंत्राची ताकद फार घटते आणि खरेदी करणाऱ्याला हे आधीच ठाऊक असायला हवे.

कारण यंत्राच्या रचनेतच आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीराला अतिशय सूक्ष्म झटका बसतो, तो अंगाखालच्या फळीला मिळतो आणि स्प्रिंगांवर तोललेला संपूर्ण ट्रेलर त्यामुळे किंचित हलतो. भूकंपमापनात वापरतात तशा जातीचे सेन्सर चुंबकाने चॅसीला चिकटवून ही हालचाल टिपली जाते आणि संगणक तीत ठोक्यांची लय शोधतो. अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत १९९० च्या दशकात या पद्धतीवर मूलभूत काम झाले. जमिनीवर घट्ट टेकलेल्या कंटेनरला असे हलायला वावच नसतो.

वापर अवघड नाही. इंजिन बंद करायचे, चालकाला खाली उतरवायचे, वाहनाला कोणी टेकून उभे नाही हे पाहायचे आणि थोडा वेळ थांबायचे. त्रास होतो तो परिसराचा. वारा ट्रेलरला हलवतो, जवळची क्रेन जमिनीला हादरे देते आणि रीफरचा (माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरचा) कॉम्प्रेसर चालू असेल तर तपासणीपुरता तो बंद करावा लागतो. वाऱ्याचा आणि जमिनीच्या कंपनांचा हिशेब स्वतंत्र सेन्सरने वजा करण्याची सोय असलेलेच यंत्र घ्यावे आणि तेवढ्यावर न थांबता तपासणीची जागा आडोशाची, कठीण फरशीची व यार्डाच्या वर्दळीपासून दूर अशी निवडावी. जागेवर खर्च करायचा नसेल, तर माझ्या मते यंत्रावरही करू नये.

तरीही मी त्याला पहिली पसंती देतो, कारण जो माणूस आवाज देऊ शकत नाही, त्यालाही ते शोधते. २०१४ मध्ये इंग्लंडमधील टिलबरी बंदरात एका कंटेनरमधून अफगाण शीख समाजाचे ३५ जण सापडले ते आतल्या आरडाओरड्यामुळे आणि धडका ऐकू आल्यामुळे. त्यांतला एक जण मरण पावलेला होता. २००० मध्ये इंग्लंडमधल्याच डोव्हर येथे टोमॅटोच्या ट्रकमध्ये ५८ आणि २०१९ मध्ये एसेक्समध्ये एका रीफर ट्रेलरमध्ये ३९ जण मृतावस्थेत सापडले. बेशुद्ध माणूस पत्रा ठोठावू शकत नाही, पण त्याचे हृदय चालू असते. या तिन्ही घटनांतला सागरी प्रवास बेल्जियममधील झीब्रुग्गे बंदरातून सुरू झाला होता, आणि म्हणूनच हे यंत्र उतरण्याच्या बंदरात बसवण्यापेक्षा माल बोटीवर चढण्याआधीच्या फाटकावर बसवण्याचा आग्रह मी धरीन. पलीकडच्या धक्क्यावर दिलेला इशारा कित्येकदा फार उशिरा आलेला असतो.

यार्डातल्या कंटेनरसाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी अधिक उपयोगी पडते. स्वस्थ पडून असलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १५ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. २० फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते. म्हणजे तो रिकामा व हवाबंद असेल तर एका माणसामुळे तासाला ४५० ते ६०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वाढ होईल आणि बाहेरच्या हवेतले प्रमाण ४२० पीपीएमच्या आसपास असल्याने तासाभरातच आकडा दुपटीच्या पुढे जाईल. प्रत्यक्षात झरोके आणि दाराच्या फटी हा आकडा खाली आणतात. उलट फळे आणि भाजीपाला स्वतःच श्वसन करीत असल्यामुळे अशा मालात आकडा माणसाविनाही चढतो आणि तेथे नळीवर एकट्याने विसंबता येत नाही. उष्णता टिपणारे कॅमेरे पोलादी भिंतीआड पाहू शकत नाहीत, त्यामुळे ते या कामासाठी घेऊ नयेत. क्ष-किरण स्कॅनर चित्र स्पष्ट देतो, परंतु दाट माल भरला असेल तर माणसाची आकृती त्यात हरवू शकते आणि आत जिवंत माणूस असण्याची शक्यता असताना किरणोत्सर्गाच्या मात्रेचा विचार टाळता येत नाही. प्रशिक्षित श्वान उत्तम काम करतात, पण थकतात.

खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून आपल्याच फाटकावर, वारा असलेल्या दिवशी आणि माल भरलेल्या ट्रेलरवर प्रात्यक्षिक मागावे. आत झोपणाऱ्या स्वयंसेवकासाठी दार अडकवू नये आणि दोन्ही बाजूंनी संपर्क राहील अशी सोय असावी. यंत्राबरोबर इशारा मिळाल्यानंतरची कार्यपद्धतीही लिहून ठेवावी लागते: कंटेनरला मिथाइल ब्रोमाइड किंवा फॉस्फिन या कीडनाशक विषारी वायूंची धुरी दिली आहे का, हे कागदपत्रांवरून तत्काळ पाहावे, रुग्णवाहिका बोलवावी, सीलचा क्रमांक नोंदवून दोन्ही दारे पूर्ण उघडावीत आणि आतली हवा मोजल्याशिवाय कर्मचाऱ्यांना आत पाठवू नये.