वाहाकाचं खोरं: भाड्याची गाडी की कोलेक्तिवो?

मेक्सिकोतल्या वाहाका शहराभोवतीचे प्राचीन अवशेष बघायला भाड्याची गाडी घ्यावी की कोलेक्तिवो, म्हणजे सीटवार भरणारी टॅक्सी? मोंते आल्बानच्या अवशेषांसाठी डोकं खाजवायची गरज नाही, ते शहराच्या उशाशीच आहेत. प्रश्न येतो तो पूर्वेकडच्या त्लाकोलुला खोऱ्याचा. दाइन्झू, तेओतित्लान, यागुल, मित्ला अशी अवशेषांची आणि गावांची नावं महामार्ग १९० च्या पाट्यांवर ओळीने लागतात, पण जागा मात्र फाट्यापासून आत.

गाडीचं खरं सुख यागुलला. कोलेक्तिवो फाट्यावर उतरवतो आणि पुढे दीडेक किलोमीटर चढ, सावलीचा पत्ता नाही. पण यागुल सोडू नका. चेंडूच्या खेळाचं मैदान, सहा चौकांचा वाडा आणि वरच्या गढीवरून दिसणारं सगळं खोरं. यागुल आणि मित्लाच्या गुहा २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहेत. त्यातल्या गिला नाकित्स गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी लावलेल्या भोपळ्याच्या बिया सापडल्या.

तरी माझं मन गाडीवरून उडालं ते तोपेसमुळे, म्हणजे गतिरोधकांमुळे. गतिरोधकांचं आपल्याला काय कौतुक, असं वाटेल. पण इथे गावात शिरताना, गावाबाहेर पडताना, शाळेपुढे, आणि कधीकधी कुठल्याच उघड कारणाशिवाय, डांबराच्याच रंगाचा उंचवटा येतो. पट्टे कधीच पुसलेले. एकदा गाडीचं पोट खरवडलं की चालवणारा दिवसभर डोंगर बघत नाही, फक्त रस्ता बघतो. शिवाय मित्लाच्या फाट्यापुढे मातात्लानला मेस्कालच्या, म्हणजे तिथल्या दारूच्या, भट्ट्या. तिथेही चालवणाऱ्याने नुसता वास घ्यायचा. ऑनलाइन दिसलेल्या भाड्यात काउंटरवर विम्याची भर पडते, ते वेगळंच.

कोलेक्तिवो म्हणजे आपल्याकडचं वडाप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी दोघांना कोंबतात. गियर टाकताना त्याचा हात तुमच्या गुडघ्याला लागणार, हे धरून चाला. पण भाडं ठरलेलं असतं, आणि रविवारी त्लाकोलुलाच्या बाजारात पार्किंग शोधत फिरावं लागत नाही. तिथे बार्बाकोआ, म्हणजे मंद शिजवलेलं मटण, खाऊन मित्ला गाठावं. तिथल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवरची नक्षी कोरीव नाही. दगडाचे छोटे तुकडे घासून, चुना न वापरता एकात एक बसवलेत. जवळ जाऊन सांधे बघा, घाई करायला मागे कोणी नसतं. शेजारचं सान पाब्लोचं चर्च त्याच वाड्यांवर उभं आहे.

सोबत म्हातारी माणसं असतील किंवा इएर्वे एल आग्वाचे दगडी धबधबे बघायचेच असतील, तर गाडी घ्या, मी अडवणार नाही. मित्लाहून तिकडे पिकअप जाते, पण तीही भरेपर्यंत थांबते. एरवी मी तरी कोलेक्तिवोच धरेन. फक्त रविवारी परतताना फाट्यावर हात करत उभं राहू नका, मला तरी तिथे भरलेल्याच गाड्या दिसल्या; त्लाकोलुलाच्या स्टँडवरून बसा.